मोकळे हात

पडद्यावरच्या धूसर चौकोनांपैकी एक चौकोन उजव्या खांद्याकडे कलला, घसरलेला पट्टा त्याने हनुवटीने वर ढकलला, आणि तिला कळलं की हा आपला धाकटा भाऊ. कळलं म्हणजे विशेष काही झालं नाही. हातातला चहाचा कप हातातच राहिला, खिडकीपाशी कुरकुरणारा पंखा कुरकुरत राहिला. आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं आत कुठेतरी झालं, एवढंच. मग पाय जमिनीला लागला. साहेबांनी चित्रफीत थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. पुन्हा तो चौकोन कलला. चेहरे ओळखू येऊ नयेत म्हणून कुणीतरी काळजीपूर्वक सगळ्यांच्या मानेवर असले चौकोन चिकटवले होते, पण चौकोन कलतो कसा हे झाकायचं त्या माणसाला सुचलं नव्हतं. सुचणार तरी कसं. ती हनुवटी या खोलीत फक्त तिच्या ओळखीची होती.

खोली मसुदा विभागाची. तिसऱ्या मजल्यावरची, समोर दुसऱ्या कचेरीची बिनखिडक्यांची भिंत. इथे कायदे लिहिले जात. म्हणजे वर कुणीतरी ठरवायचं की अमुक एक गोष्ट आता गुन्हा व्हायला हवी, आणि इथे बसलेल्या लोकांनी ती गोष्ट वाक्यांत अशी पकडायची की तिला निसटता येऊ नये. गेले काही आठवडे त्यांच्यापुढे होती ती टोळक्याने एकाला मारण्याची गोष्ट. आजवर व्हायचं असं की पाचसहा जण मिळून एकाला तुडवायचे, डॉक्टर एकेक जखम तपासायचे आणि एकेक जखम किरकोळ निघायची. कोणाची लाथ, कोणाची बुक्की, सांगता यायचं नाही. मग जो तो साध्या दुखापतीच्या कलमाखाली थोडक्यात सुटायचा. जखमा किरकोळ, मारणारे किरकोळ, फक्त मार खाणारा काही किरकोळ राहायचा नाही. या चित्रफितीतला माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा होता. त्याच्या स्कूटरचा आरसा रस्त्यातल्या कुणाच्या तरी कोपराला लागला, तेवढं निमित्त झालं. आता त्याच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं, आणि कानाबरोबर तोलही गेला होता. सपाट जमिनीवरही त्याला भिंत धरून चालावं लागे. म्हणून नवं कलम. टोळकं हाच एक माणूस समजायचा आणि त्याला एकच मोठी शिक्षा सांगायची. ऐकायला सोपं होतं. लिहायला बसलं की प्रश्न यायचा, टोळक्यात कोण कोण?

"हा बघा," साहेब म्हणाले. त्यांना सगळे पाठीमागे स्वल्पविराम म्हणत, कारण बोलताना ते मध्येच थांबत आणि समोरच्याला वाटे झालं, तर झालेलं नसे. "बाकीचे सापडलेत. हा एक, सापडलेला नाही. मारत नाहीये. पळत नाहीये. अडवतही नाहीये. सगळ्यांच्या बॅगा, घेऊन उभाय नुसता. याचं काय करायचं?"

"साहेब, हा आरोपी नाही, हँगर आहे," शेजारच्या टेबलावरचा भिंग म्हणाला. जाड चष्म्यामुळे तो भिंग. सगळे हसले. तीही हसली. हसू आधी आलं आणि ते कशावर आलं ते मागाहून लक्षात आलं. ओठांना परत जागेवर आणायला जरा वेळ लागला.

हँगर नव्हे, खुंटी. त्याला खुंटी म्हणत. घरामागच्या मोकळ्या जागेत मोठी मुलं खेळायची आणि हा त्यांच्यात सगळ्यांत लहान. खेळायला घेत नसत, हाकलूनही देत नसत. येताजाता कुणी अंगातला स्वेटर काढून त्याच्या खांद्यावर टाकायचं, कुणी घड्याळ मनगटात अडकवायचं, पाण्याच्या बाटल्या गळ्यात. हा दोन्ही हात फाकून उभा. अंगावर सामान इतकं की मधून नुसते डोळे आणि नाक दिसायचं. ती तेव्हा गच्चीतून बघायची. तिला हसू यायचं आणि जरा रागही, पण त्याचा चेहरा बघितला की राग टिकायचा नाही. तोंडावर काय ते समाधान! खेळ त्याच्याशिवाय सुरू होत नव्हता ना. पट्टा घसरला तर हात मोकळा नाही, म्हणून हनुवटीने वर सरकवायचा. रात्री जेवताना न विचारता सांगायचा, अमक्याचं घड्याळ अमक्याला दिलं, तमक्याची टोपी तमक्याला. कधी अदलाबदल नाही, कधी काही हरवलं नाही. आई म्हणायची, "आमचा हा मोठा झाल्यावर बँकच काढेल." एकदा अंधारून आलं तरी घरी आला नाही म्हणून ती बोलवायला गेली, तर मैदानात कुणी नाही आणि हा मधोमध एकटा, हातावर लाल स्वेटर. "चल की घरी," ती म्हणाली. "हे कुणाचं तरी राहिलंय ताई," तो म्हणाला, जसं काही तिला दिसत नव्हतं. तिने ओढलं तरी हलेना. शेवटी दोघंही तिथे उभी राहिली, स्वेटरवाला मुलगा येईपर्यंत.

"चला, उंदीर," साहेबांनी टेबलावर पेन वाजवलं.

ही या खोलीतली जुनी रीत. मसुदा तयार झाला की एकाने उंदीर व्हायचं. उंदराने गुन्हेगाराच्या बाजूने बोलायचं, तेही 'तो' म्हणून नाही, 'मी' म्हणून, आणि कलमात निसटायला भोक कुठे आहे ते शोधून दाखवायचं. बाकीच्यांनी त्याला अडवायचं. भोक सापडलं की नियम एकच, ज्या उंदराला सापडलं त्यानेच दुसऱ्या दिवशी ते बुजवायचं, किंवा ते भोक नसून दार आहे, असायलाच हवं, असं पटवून द्यायचं. विभागातला सगळ्यांत चांगला उंदीर ती होती. बाळंतपणाच्या रजेवर होती तेव्हा म्हणे इथले मसुदे अगदी गलथान जात होते. रजेवरून आल्यापासून तिचं डोकं अर्धंच इथे असायचं, अर्धं गोटीपाशी. गोटी म्हणजे लेक, गोल गरगरीत, अजून 'र'ला 'ल' म्हणणारी, दिवसभर आजीकडे. पण उंदीर व्हायची वेळ आली की दोन्ही अर्धी एकत्र यायची. आजही आली. तिने कप खाली ठेवला.

"मी सामान धरून उभी आहे," ती म्हणाली. "मला काय माहीत पुढे काय होणार? मित्रांनी धर म्हटलं, मी धरलं. कुणीही धरेल. तुम्ही नाही धरणार, साहेब, कुणी छत्री दिली तर?"

"मारामारी सुरू झाल्यावर टाकून द्यायचं," भिंग म्हणाला.

"दुसऱ्याचं सामान रस्त्यात टाकू? ते माझ्या विश्वासावर दिलंय. आणि दोन्ही हात भरलेले असताना मी अडवू कशी? हात रिकामे असते तर कदाचित मी मध्ये पडलेही असते."

"वा! म्हणजे हिला सामानानेच थांबवलं! सामानाला अटक करा."

"हसू नका. उद्या बसथांब्यावर आजीबाईची पिशवी धरून उभा असलेला माणूस तुमच्या टोळक्यात मोजला जाईल. कॉलेजच्या मैदानावर मुलांचे डबे सांभाळणारा शिपाई मोजला जाईल. धरणं म्हणजे मारणं नाही. मी कुणाला हातही लावलेला नाही. माझ्या हातावर कुणाच्या अंगाची खूण नाही, कुणाच्या अंगावर माझ्या हाताची नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. उलट तो इतका समजूतदार निघत होता की तिलाच नवल वाटलं. एकामागून एक मुद्दे येत होते, धुतलेले, घडी घातलेले, आणि खोलीत हळूहळू तसली शांतता झाली जी माणसांना पटल्यावर होते. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुढ्यातल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "परंतु, जो इसम प्रत्यक्ष मारहाणीत भाग न घेता, केवळ इतरांच्या वस्तू सांभाळत असेल, तो, केवळ तेवढ्या कारणाने, दोषी ठरणार नाही." मग म्हणाले, "भोक चांगलं शोधलंस. की दार आहे? उद्या सांग, बुजवायचं का ठेवायचं."

तिने मान हलवली. या कायद्याचा भावाला ना उपयोग होता ना धोका, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. कायदा पुढचं बघतो, मागचं बघायची त्याला मनाई असते. तो आरसा कोपराला लागला तेव्हा हे कलम नव्हतंच. तरी जिना उतरताना हाताला काहीतरी चिकट लागल्यासारखं वाटत होतं. खरं तर काही लागलेलं नव्हतं. तिने रुमालाने हात पुसला, बसमध्ये पुन्हा पुसला. शेजारची बाई सरकून बसली. बाहेर दुकानांच्या पाट्या जात होत्या, चष्म्याचं दुकान, चाव्या बनवणारा, पुन्हा चष्म्याचं दुकान, आणि प्रत्येक थांब्यावर कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर बॅग होती. एवढ्या बॅगा असतात जगात, हे आधी कधी दिसलं नव्हतं. कदाचित तो नसेलही, तिने स्वतःला सांगून बघितलं. हनुवटी काय, कुणीही वापरेल. मग तिला वाटलं, हाही उंदीरच बोलतोय. आणि या उंदराला घरी जायला परवानगी आहे का नाही, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

आईच्या घराचं दार उघडंच होतं. आत टप, टप, टप असा आवाज. गोटी बाहेरच्या खोलीत कडेकडेने फिरत होती, दोन्ही हात पसरून, आणि पायात कुणाचे तरी पिवळे बूट. पाय बुटात पोहत होते, त्यामुळे प्रत्येक पावलाला टाच आधी आपटायची आणि मग बाकीचा बूट.

"आलीस? आज उशीर केलास," आई आतून म्हणाली. "तुझ्या कायद्याने फाशीबिशी दिली का कुणाला?"

"अजून नाही."

"मग हातपाय धू आधी. आणि हिला आवर. दुपारपासून टपटप करून डोकं उठवलंय माझं."

"बूट कुठले हे?"

"मामाच्या कपाटात सापडले हिला. मला वाटतं वाढदिवसाला आणून लपवले असतील, या उंदरीने शोधून काढले. मोठे आहेत, पण येतील वर्षभरात. त्याला काय माप कळतंय, अंदाजाने आणलेन् झालं."

ती खाली बसली. गोटी येऊन तिच्या गुडघ्यांत घुसली, केसांना आजीच्या तेलाचा वास. तिने लेकीचा एक पाय मांडीवर घेतला. तळवा नवाकोरा शिवलेला होता, दोरा अजून पांढरा. वरचा भाग मात्र जुना, पुढे खरवडलेला, आणि चवड्यापाशी बूट आत वाकला होता. कुठल्यातरी दुसऱ्या पायाने चालून चालून तो आपल्यासारखा करून घेतला होता. वाढदिवसाला कुणी दुरुस्त केलेले बूट आणत नाही. तिने अंगठ्याने ती घडी चाचपली. हा पाय गोटीच्या पायाहून जरा लांब, जरा अरुंद. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा मोठं असणार. तिला त्या पायाचं सगळं दिसायला लागलं आणि ते दिसू नये म्हणून तिने लेकीच्या पोटावर तोंड घासलं. गोटी खदखदा हसली. "मामाने दिले," ती म्हणाली. "माझे."

तो आला तेव्हा आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. गोदामातलं काम संपवून तो रोज याच वेळी यायचा, आल्या आल्या भाचीला उचलून डोक्यावर घ्यायचा. आज त्याने हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. बूट बघितले, मग बहिणीकडे बघितलं. मग तो जमिनीवर बसला आणि लेसची गाठ सोडायला लागला. गाठ आजीने घट्ट मारलेली. तो नखाने सोडत राहिला, घाई नाही, एक सोडवून दुसरी.

"मामा, माझे!"

"नाही गं राणी," तो म्हणाला. "हे कुणाचे तरी राहिलेत."

गोटीने भोकाड पसरलं. आजी येऊन तिला चिमणी दाखवायला गच्चीत घेऊन गेली. जाताना म्हणाली, "पोरीला रडवून काय मिळतं रे तुला?" मग खोलीत दोघंच राहिली. त्याने बूट एकाला एक लावून ठेवले, टाचा जुळवून. लहानपणापासून दुसऱ्याची वस्तू तो अशीच ठेवायचा.

"आज ऑफिसात दाखवलं," ती म्हणाली. "चेहरे नव्हते."

"मग कशावरून?"

"हनुवटी."

त्याचा हात हनुवटीकडे गेला, जणू ती तिथे आहे का बघायला. मग उठला, कपाटाच्या मागून एक निळी कापडी पिशवी काढली आणि तिच्यापुढे ठेवली. आत रिकामा, घासून पुसून ठेवलेला डबा. "डबा घासला मी," तो म्हणाला. "वास यायला लागला होता. ते बूटही यातच होते, पोराचे."

"कुणाची आहे?" माहीत असूनही तिने विचारलं. ही कामाची सवय होती.

"त्याचीच. मी हात लावला नाही ताई त्याला. गोटीची शपथ."

"तिची शपथ घेऊ नकोस."

"बरं, नाही घेत. पण नाही लावला. त्याने स्वतःहून दिली मला पिशवी. स्कूटर थांबवून खाली उतरला, सॉरी सॉरी म्हणाला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, दादा, जरा धरता का. माझ्या अंगावर एवढं सामान बघितलं त्याने, त्याला वाटलं असेल, हा धरणारा माणूस आहे. मी धरली. मग ते झालं. मग सगळे आले, आपापल्या बॅगा घेतल्या आणि पळाले. मी ज्याची त्याला दिली. ही राहिली. द्यायला गेलो तर तो... तो घ्यायच्या स्थितीत नव्हता."

ती ऐकत होती. तिच्या आतला उंदीर कान टवकारून बसला होता आणि खूश होता, कारण सगळं बरोबर बसत होतं. विश्वासाने दिलेलं सामान. भरलेले हात. सगळं तिने दुपारी सांगितलं तसंच. फक्त एका जागी काहीतरी कुरतडल्याचा आवाज येत होता.

"त्यांनी त्यांच्या बॅगा तुझ्याकडे कधी दिल्या?" तिने विचारलं.

"कधी म्हणजे?"

"तो स्कूटरवरून उतरला त्याच्या आधी की नंतर?"

तो बुटांकडे बघत राहिला. गच्चीतून गोटीचं रडणं ओसरत चाललेलं ऐकू येत होतं, हुंदके लांब लांब. "आधी," तो म्हणाला. "आरसा लागला, तो पुढे जाऊन थांबत होता, तेव्हा. दोघांनी काढून माझ्याकडे केल्या. बाकीच्यांकडे मीच हात पुढे केला."

"तुला कळलं होतं?"

"ताई," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज तिच्याहून मोठ्या माणसाचा वाटला, "बोलायचं असेल तर बॅग कशाला उतरवतील?"

आतला उंदीर गप्प झाला. भिंतीवर आईचं घड्याळ, खिडकीत वाळत टाकलेली गोटीची छोटी छोटी झबली, एकेक चिमटा लावून. तिला वाटलं आता राग येईल, रडू येईल, पण काहीच आलं नाही. एखाद्या परक्या कुटुंबाकडे काचेतून बघावं तसं ती दोघांकडे बघत होती. एक बाई, एक पुरुष, मध्ये एका मुलाचे बूट. तो पुरुष मैदानाच्या मधोमध उभा होता, खांद्यांवर सगळ्यांचं सामान, तोंडावर समाधान. खेळ त्याच्याशिवाय सुरू होत नव्हता. हे ती कितीतरी वर्षं कौतुकाने सांगत आली होती, नवऱ्याला, मैत्रिणींना. सांगताना लोक हसायचे.

"मी गेलो होतो तिकडे," तो म्हणाला. "घर शोधून काढलं. खाली उभा राहतो आणि परत येतो. काय बोलायचं सुचत नाही. तू कायद्याची माणूस, तू सांग, कसं द्यायचं परत?"

"चौकीत. सगळं सांगायचं आणि पिशवी तिथे द्यायची. नियम तो आहे."

"तिथे दिली तर पुरावा म्हणून कपाटात ठेवतील ना?"

"हो."

"किती दिवस?"

"खटला संपेपर्यंत."

त्याने एक बूट उचलून हाताच्या पंजावर ठेवला. पंजात मावून जागा उरली. "तोवर बूट लहान होतील त्याला," तो म्हणाला.

आई गोटीला कडेवर घेऊन आली, गोटी झोपाळलेली, आणि आईने दोघांच्या तोंडाकडे बघून विचारलं, "काय गं, भांडलात का?" दोघंही एकदम नाही म्हणाली. लहानपणी म्हणायची तशी. त्या रात्री ती तिथेच राहिली, आणि गोटी झोपल्यावर दोघं उशिरापर्यंत हलक्या आवाजात बोलत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांच्या आधी खोलीत पोचली. समोरच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर ऊन यायला लागलं होतं. तिने साहेबांचं 'परंतु'पासूनचं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं की मारहाण होणार हे ठाऊक असताना जो इतरांचे हात मोकळे करून देतो, तो त्या मारहाणीत सामील आहे. बसथांब्यावरची आजीबाईची पिशवी त्यात अडकत नव्हती, शिपायाचे डबेही नाहीत. मग खाली उदाहरण. कायद्यातल्या उदाहरणांतली माणसं बिननावाची असतात, एकेका अक्षराची, आणि मार खाणारा नेहमीच 'य' असतो. तिने लिहिलं: क, ख आणि ग हे य याला मारहाण करण्याच्या बेतात आहेत. घ हे जाणतो आणि त्यांच्या वस्तू आपल्याकडे घेतो. घ याने य याला स्पर्श केलेला नाही. इथे ती थांबली. एवढं लिहून ठेवलं असतं तरी वाक्य व्याकरणात पूर्ण होतं. खाली मुलं शाळेत निघाली होती, त्यांच्या आवाजाला तिने कान दिला, मग पुढचं वाक्य लिहिलं: घ याने या कलमाखालील अपराध केला आहे.

"काल तर केवढी भांडलीस त्याच्यासाठी!" भिंग कागद डोळ्यांशी नेऊन म्हणाला. "एका रात्रीत फितूर?"

"काल मी उंदीर होते."

"आणि आज?"

"आज भोक बुजवायचं माझ्याकडे होतं."

साहेबांनी दोनदा वाचलं. एक स्वल्पविराम घातला, एक काढला. "चोख आहे," ते म्हणाले. "फक्त हा घ, जरा जास्तच, खरा वाटतोय."

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली. भिंगाने कागद खाली ठेवला. "चित्रफितीतला. काल बघताना ओळखलं आणि सांगितलं नाही. आज संध्याकाळी तो चौकीत जातोय."

पंखा कुरकुरत राहिला. साहेब नेहमीपेक्षा लांब थांबले, इतके की खरंच संपलं असं वाटावं. "मग हे तू, लिहायला नको होतंस."

"नको होतं."

"कालचंही बोलायला नको होतंस."

"कालचं तर मुळीच नको होतं."

"कलम भिंगाकडे जाईल. तो पुन्हा पहिल्यापासून बघेल, शब्द ठेवायचे का बदलायचे ते तोच ठरवेल. तुझी सही, यावर नसेल." ते उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "चहा घेऊन जा. गार होतोय."

तिने चहा घेतला. गरम होता.

संध्याकाळी गोटीला आईकडेच ठेवलं. आईला परत आल्यावर सांगू असं ठरलं होतं, पण आई दारात उभी राहून म्हणाली, "मला कळलंय. रात्री तुमचं बोलणं भिंतीआड ऐकू येतं, घर काही महाल नाही. जा आधी. परत आलात की बोलते मी दोघांशी." आणि त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, लहानपणी करायची तशी, जरा जोरात. आधी ते घर, मग चौकी, दोन्हीकडे तूच बोलायचं, आणि चौकीत पिशवीचंही सांगायचं, कुठे होती, कुणाला दिली, सगळं, एवढंच तिने रस्त्यात सांगितलं. आपण हे नियमाबाहेर करतोय हे तिला ठाऊक होतं, आणि तेही तिथे सांगावं लागेल हेही. तो पिशवी पोटाशी धरून चालत होता. तिला आपल्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. गोटी झाल्यापासून ते कधी रिकामे नसायचे. कडेवर पोर नाही, खांद्यावर दुपट्यांची थैली नाही, दुधाची बाटली नाही. ते नुसते दोन्हीकडे लोंबत होते, कुणीतरी विसरून गेल्यासारखे.

इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरी जिना चढून जावं लागत होतं. जिन्याच्या भिंतीवर एका बाजूने, कमरेच्या जरा वर, एक मळकट पट्टा वरपर्यंत गेलेला होता, ताजा, रोज कुणीतरी हात टेकत चढत-उतरत असल्यासारखा. त्या पट्ट्याला अंग लागू न देता दोघं चढली. दाराबाहेर लहान मुलाच्या चपला होत्या, उलट्यासुलट्या. भाऊ दारापुढे उभा राहिला. पिशवीचे बंद त्याने दोन्ही मुठींत घट्ट धरले होते.

"ताई," तो हळूच म्हणाला आणि पिशवी तिच्याकडे केली, "जरा धर. बेल दाबतो."

तिचा हात पुढे झाला. तिने केला नाही, तो आपोआप झाला, समोरून कुणी काही दिलं की होतो तसा, किती साधा, किती सवयीचा. बोटं बंदाला लागली. तिने आपल्या हाताकडे बघितलं, आणि तो परत घेतला.

"एका हाताने दाब," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. मग दोन्ही बंद एका खांद्यावर चढवले. एक घसरला. त्याची मान उजव्या खांद्याकडे कलली, हनुवटीने त्याने बंद वर सरकवला, आणि मोकळ्या झालेल्या हाताने बेल दाबली. आत कुठेतरी मूल काहीतरी म्हणालं. मग पावलं ऐकू आली, सावकाश, आणि त्यांच्या बरोबरीने, भिंतीवरून घासत दाराकडे येणारा एक हात.